‘लेडी बी गुड’ : वाळवंटात हरवलेलं बॉम्बर आणि त्यातले नऊ जण – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या विमानाबद्दल लोक विचारतात ते प्रश्न बहुतेक ठरलेले आहेत. त्यातल्या निम्म्यांच्या मुळाशी एक समज दिसतो : नऊ माणसं घरचा तळ ओलांडून थेट सहारात जाऊन पडली, म्हणजे त्यांनी काहीतरी वेड्यासारखंच केलं असणार. मला ते अजिबात पटत नाही. हाताशी जी माहिती होती, तिच्यावरून त्यांनी घेतलेले बहुतेक निर्णय बरोबर होते. माहितीच उलटी होती. सुरुवातीला साधे प्रश्न आहेत, अडचणीचे पुढे. जिथे उत्तर दुसरीकडे सविस्तर आलं आहे तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ‘लेडी बी गुड’ हे नेमकं कुठलं विमान?

अमेरिकेचं बी-२४डी लिबरेटर, चार इंजिनांचं लांब पल्ल्याचं बॉम्बर. क्रमांक ४१-२४३०१. दुसऱ्या महायुद्धात लिबरेटर अठरा हजारांहून जास्त बनली, म्हणजे विमान म्हणून यात वेगळं काही नव्हतं. नाव पुढच्या भागावर उजव्या बाजूला रंगवलेलं होतं. ते ३७६व्या बॉम्बर ग्रुपच्या ५१४व्या स्क्वाड्रनचं होतं. तळ होता लिबियात, बेनगाझीजवळच्या सोलुकला. विमान तिथे मार्च १९४३ च्या अखेरीस पोचलं आणि ४ एप्रिलच्या रात्री हरवलं.

२. त्यात कोण कोण होतं?

चार अधिकारी आणि पाच सार्जंट. विल्यम हॅटन (वैमानिक, न्यूयॉर्क), रॉबर्ट टोनर (सहवैमानिक, मॅसॅच्युसेट्स), डी. पी. हेज (नॅव्हिगेटर, म्हणजे वाट आणि दिशा ठरवणारा, मिसुरी), जॉन वोराव्का (बॉम्बार्डियर, म्हणजे नेम धरून बॉम्ब टाकणारा, ओहायो), हॅरॉल्ड रिपस्लिंगर (फ्लाइट इंजिनिअर, मिशिगन), रॉबर्ट लामॉट (रेडिओ ऑपरेटर, मिशिगन). गनर तिघे : गाय शेली (पेनसिल्व्हेनिया), व्हर्नन मूर (ओहायो), सॅम्युएल अ‍ॅडम्स (इलिनॉय). या नऊ जणांची एकत्र अशी ही पहिलीच लढाऊ मोहीम होती.

ही नावं लक्षात ठेवून पुढची उत्तरं वाचा. ‘क्रू’ एवढ्या एका शब्दात नऊही जण गडप होतात आणि मग गोष्ट फक्त विमानाची उरते.

३. त्या दिवशी मोहीम काय होती?

इटलीतल्या नेपल्स बंदरावर बॉम्बफेक. २५ लिबरेटर दोन तुकड्यांत निघणार होती. दुपारी सोलुकला वाऱ्याने वाळू उठवली होती, ती काही विमानांच्या इंजिनांत गेली. हॅटनचं विमान सगळ्यात शेवटी निघालेल्यांपैकी. दुसऱ्या तुकडीतली बहुतेक विमानं बिघाडामुळे वाटेतून परतली. नेपल्सपर्यंत पोचली ती चार, आणि तोवर अंधार पडून लक्ष्य दिसेनासं झालं. दोघांनी परतताना दुसऱ्या लक्ष्यावर बॉम्ब टाकले. उरलेल्या दोघांनी वजन कमी व्हावं, इंधन पुरावं म्हणून ते समुद्रात सोडून दिले. ‘लेडी बी गुड’ या दुसऱ्या जोडीत होतं. तिथून पुढे ते एकटंच परत निघालं.

काही ठिकाणी २५ ऐवजी २८ विमानं असं वाचायला मिळतं. टोनरने आपल्या डायरीत २८ लिहिले आहेत, तो आकडा तिथून आला.

४. तळ आला तरी तो ओलांडून विमान पुढे गेलंच कसं?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर.

रात्री १२ वाजून १२ मिनिटांनी हॅटनने रेडिओवर कळवलं की आपलं दिशादर्शक यंत्र चालत नाही, आपण कुठे आहोत ते सांगा. बेनगाझीजवळच्या बेनिना केंद्राने त्याच्या रेडिओ लहरींवरून दिशा काढली. ती आली ३३० अंश, म्हणजे केंद्रापासून वायव्येला. वायव्येला भूमध्य समुद्र. विमान नेपल्सहून यायचं होतं तेही वायव्येकडूनच. उत्तर अपेक्षेप्रमाणे आलं, म्हणून कुणाला शंका आली नाही.

गोची यंत्रात होती. गोल चौकटीच्या अँटेनाने लहर कुठल्या रेषेवरून येते ते कळतं, त्या रेषेच्या कुठल्या टोकाकडून येते ते कळत नाही. फाट्यावर उभं राहून डोळे मिटून एसटीचा हॉर्न ऐकावा, तसं. गाडी याच रस्त्यावर आहे हे नक्की, पण पुण्याच्या बाजूला की साताऱ्याच्या, ते हॉर्नवरून सांगता येत नाही. वायव्य आणि आग्नेय ही एकाच रेषेची दोन टोकं. सर्वसाधारणपणे मानलं जातं ते असं : परतीच्या वाटेवर पाठीमागून जोराचा वारा होता, त्यामुळे विमान अंदाजापेक्षा लवकर किनाऱ्यावर आलं आणि पुढेही गेलं. केंद्राला मात्र ते अजून समुद्रावरच आहे असं वाटत राहिलं.

तळावरून उजेडाचे बाण सोडले गेले, ते विमानातून दिसले नाहीत. त्यानंतर साधारण दोन तास विमान दक्षिणेच्या रोखाने उडत राहिलं. ‘तळ अजून यायचाय’ असं समजून उडणाऱ्या माणसाने दुसरं काय करावं?

५. खाली पाणी नाही, वाळू आहे, हे कसं कळलं नाही?

ती अमावास्येची रात्र होती. आकाशात चंद्र नाही, जमिनीवर दिवा नाही. कलान्शोचं वाळवंट मैलोन्‌मैल सपाट आणि निर्मनुष्य आहे. काळोखात वरून पाहिलं तर ते समुद्रासारखंच दिसणार. उडी मारताना त्यांच्या अंगात पाण्यावर तरंगायची जाकिटं होती. ती नंतर वाळवंटात, ते एकत्र जमले त्या जागेजवळ, काढून टाकलेली सापडली. पाय जमिनीला लागेपर्यंत आपण समुद्रात पडणार की वाळूत, हेच त्यांना माहीत नव्हतं.

६. माणसं आधीच उतरली, मग विमान एवढं शाबूत कसं?

रात्री दोनच्या सुमारास, इंधन संपत आल्यावर सगळ्यांनी पॅराशूटने उड्या मारल्या. विमान मात्र रिकामंच आणखी २५-२६ किलोमीटर गेलं आणि पोटावर घसरत वाळूवर टेकलं. तीन इंजिनं आधीच बंद करून त्यांचे पंखे वाऱ्याला आडवे येणार नाहीत असे फिरवलेले होते. चौथं इंजिन जमिनीला लागेपर्यंत चालू होतं, हे त्याच्या वाकलेल्या पात्यांवरून कळलं. जमीन सपाट, टणक, वाटेत खडक-झाड काही नाही. त्यामुळे धड पंखांच्या मागे तुटलं, शेपटीकडचा भाग बाजूला वळला, एवढंच नुकसान झालं.

फोटो पाहून ‘आत बसून राहिले असते तर वाचले असते’ असं म्हणणारे बरेच भेटतात. रात्रीच्या काळोखात, खाली काय आहे ते माहीत नसताना, एका इंजिनावर चाललेलं विमान जमिनीवर टेकवायचं? उडी मारणं हाच शहाणपणाचा निर्णय होता.

७. शोध घेतला नाही का?

घेतला. पण समुद्रावर. बेनिनाच्या नोंदीप्रमाणे विमान भूमध्य समुद्रावर होतं (प्रश्न ४), म्हणून शोधही तिथेच झाला. काही मिळालं नाही तेव्हा विमान समुद्रात बुडालं असं धरलं गेलं, आणि पंधराहून जास्त वर्षं घरच्यांचा समजही तोच राहिला. तळाच्या दक्षिणेला ७०० किलोमीटरवर जाऊन पाहावं असं कुणाच्या मनात यायचं काही कारणच नव्हतं.

८. मग सापडलं कसं? आत काय होतं?

युद्धानंतर लिबियात तेलाचा शोध सुरू झाला. १९५८ मध्ये तेल कंपन्यांच्या कामावरच्या विमानांतून वाळूत पडलेलं हे बॉम्बर दिसलं. फेब्रुवारी १९५९ अखेरीला ब्रिटिश सर्वेक्षकांची तुकडी जमिनीवरून तिथे पोचली, आणि त्या वर्षीच्या मे महिन्यात त्रिपोलीजवळच्या व्हीलस तळावरून अमेरिकन पथक आलं. जागा होती सोलुकपासून सुमारे ७१० किलोमीटर आग्नेयेला.

सोळा वर्षांनंतर रेडिओ चालत होता. मशीनगन चालत होत्या. थर्मासमधला चहा पिण्यासारखा होता. खाण्याचा आणि पाण्याचा साठा जागच्या जागी होता. नव्हती ती माणसं आणि त्यांची पॅराशूटं. पथकाला तिथेच उमगलं की कुणीही विमानाबरोबर पडलेलं नाही.

९. उडी मारल्यानंतर काय झालं? हे कळलं कशावरून?

टोनरच्या खिशात सापडलेल्या छोट्या डायरीवरून. रोजच्या दोन-चार ओळी, ४ ते १२ एप्रिल. रिपस्लिंगरनेही नोंदी ठेवल्या होत्या.

उतरल्यावर नऊपैकी आठ जण एकमेकांना भेटले. फार कुणाला लागलं नव्हतं. जॉन वोराव्का सापडत नव्हता. ५ तारखेला ते वायव्येकडे चालू लागले. जवळ थोडा शिधा आणि अर्धी बाटली पाणी. अर्धी बाटली, आठ जणांत. माणशी दिवसाला टोपणभर असं ठरलं. वाटेत त्यांनी बुटांचा बाण करून ठेवला, पॅराशूटच्या पट्ट्या दगडाखाली दाबून दिशा दाखवल्या. मागून कुणीतरी येईल, जॉन येईल, यासाठी.

६ तारखेपासून ऊन असह्य झालं. दुपारभर पडून राहायचं, संध्याकाळी पाचनंतर चालायचं, पंधरा मिनिटं चाल आणि पाच मिनिटं थांब, असं रात्रभर. ऊन सोसवेना आणि रात्री थंडीने झोप लागेना. टोनरने रात्रीचं तापमान ३५ अंश फॅरनहाइटच्या आसपास लिहिलं आहे, म्हणजे जेमतेम दोन अंश सेल्सिअस. ८ तारखेला वाळूच्या टेकड्या लागल्या. उडणाऱ्या वाळूने सगळ्यांचे डोळे खराब झाले, लामॉटला तर दिसेनासंच झालं. ९ तारखेला शेली, रिपस्लिंगर आणि मूर मदत आणायला पुढे निघाले. उरलेले पाच जण तिथून हलू शकले नाहीत. १० तारखेच्या नोंदीत दोन पक्षी दिसल्याचा उल्लेख आहे. ११ तारखेला पाणी मिळालं तर अजून निभावून नेऊ, असं लिहिलंय. त्या वेळी उरलं होतं ते जिभेला लावण्यापुरतं. १२ तारखेची नोंद एका ओळीची : मदत आलेली नाही, रात्र फार थंड होती.

१०. ते विमानाकडे का गेले नाहीत? तिथे पाणी आणि रेडिओ होता की!

विमान कुठे पडलंय हे त्यांना माहीत नव्हतं. ते अंधारात गेलं होतं, आवाज ऐकू येईनासा झाला होता. २५ किलोमीटर दक्षिणेला ते जवळजवळ आख्खं उभं असेल हे कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. सोडून दिलेलं बॉम्बर कोसळून जळणार, असंच कुणीही समजेल.

दुसरं म्हणजे त्यांची समजूत. आपण किनाऱ्यापासून फार लांब नाही, वायव्येला चालत गेलं की तळ किंवा समुद्र लागेल, हे त्यांच्या डोक्यात पक्कं होतं. प्रत्यक्षात किनारा सहाशेहून जास्त किलोमीटरवर होता. ते ज्या भागात उतरले तो त्यांच्याजवळच्या नकाशात आलाच नव्हता. दक्षिणेकडे वादी झिघेनचं मरूद्यान होतं. जेवढं अंतर ते वायव्येला चालले तेवढंच तिकडे गेले असते तर कदाचित पाण्याशी पोचले असते. पण हे आज आपल्यापुढे नकाशा आहे म्हणून म्हणता येतं. ज्याला आपण समुद्राजवळ आहोत असं वाटतंय तो समुद्राकडे पाठ करून वाळवंटाच्या पोटात कशाला जाईल?

११. टोपणभर पाण्यावर माणूस इतकं चालू शकतो का?

हिशेब मांडला तर नाही. पण पाच जणांचे अवशेष मिळाले ते विमानापासून सुमारे १२५ किलोमीटरवर. शेली आणि रिपस्लिंगर तिथूनही टेकड्यांमधून तीसहून जास्त किलोमीटर पुढे गेले होते. थंडीचा त्यांना एका परीने उपयोगच झाला, रात्री चालल्यामुळे घामावाटे जाणारं पाणी वाचलं. बाकी सगळी त्यांची जिद्द. १९५९ मध्ये शोधपथकाने बुटांचे आणि पॅराशूटचे बाण धरत माग काढला. वाळूच्या टेकड्या लागल्यावर तो पुसला गेला आणि पथक थांबलं. इतक्या दूर कुणी पोचलं असेल असं त्यांनाही वाटलं नव्हतं.

१२. कुणाचे अवशेष कधी सापडले?

११ फेब्रुवारी १९६० ला तेल सर्वेक्षकांना पाच जण एकाच ठिकाणी सापडले : हॅटन, टोनर, हेज, लामॉट आणि अ‍ॅडम्स. मग अमेरिकेच्या भूदलाने आणि हवाई दलाने मिळून पुन्हा शोध सुरू केला. मे महिन्यात शेली आणि त्यापाठोपाठ रिपस्लिंगर सापडला. ऑगस्टमध्ये वोराव्का (पुढचा प्रश्न). सगळ्यांचे अवशेष अमेरिकेला नेण्यात आले. मूरबद्दल प्रश्न १४ पाहा.

१३. वोराव्का बाकीच्यांना का सापडला नाही?

त्याचं पॅराशूट नीट उघडलंच नव्हतं. विमानापासून सुमारे १९ किलोमीटरवर, ईशान्येला, तो पॅराशूटच्या पट्ट्यांसकट सापडला. जमिनीवर आदळताच त्याचा अंत झाला असणार. बाकीचे आठ जण त्याची वाट पाहत होते, आणि टोनरने पुढच्या दिवशीच्या नोंदीतही ‘जॉन अजून नाही’ असं लिहून ठेवलं.

नऊ जणांत वोराव्का सुटला, असं काही जण म्हणतात. तुलना म्हणून ते खरं असेल. मला ते म्हणवत नाही.

१४. व्हर्नन मूरचं काय झालं?

शेली आणि रिपस्लिंगरबरोबर तो ९ एप्रिलला पुढे निघाला. दोघे सापडले, मूर अधिकृतरीत्या कधीच सापडला नाही. त्याच्याबद्दल निरनिराळे दावे वाचायला मिळतात, मात्र ओळख पटवून नोंद झालेले अवशेष नाहीत. तो त्या दोघांच्या वाटेवरच कुठेतरी असावा, एवढं म्हणता येतं.

१५. या विमानाचे भाग ज्या विमानांना लावले ती पडली, हा शाप खरा का?

घटना खऱ्या आहेत. अवशेषांतले काही सुटे भाग दुसऱ्या विमानांना बसवले गेले. त्यातल्या एका सी-५४ चे पंखे वाटेत बिघडले, सामान फेकून देऊन ते कसंबसं उतरलं. रेडिओचा भाग बसवलेल्या सी-४७ ला समुद्रावर उतरावं लागलं. अमेरिकी भूदलाचं एक ऑटर विमान सिदरच्या आखातात दहा जणांसह बुडालं. किनाऱ्याला लागलेल्या थोड्याशा वस्तूंमध्ये ‘लेडी बी गुड’च्या आसनाचा हात होता.

यात शाप कुठे आला? आसनाच्या हातामुळे विमान पडत नाही. शापाची गोष्ट लोक चवीने सांगतात, आणि त्या नादात ऑटरमधल्या दहा माणसांचा विचारही कुणी करत नाही.

१६. मग चूक कुणाची? नॅव्हिगेटर हेजची?

खापर त्याच्यावर फोडणारे बरेच आहेत. पहिलीच मोहीम, रात्र, खाली ओळखीची एकही खूण नाही, वाऱ्याचा अंदाज चुकलेला, यंत्र बंद. अशा वेळी नॅव्हिगेटर जमिनीवरच्या केंद्रावर विसंबतो, आणि केंद्राने दिलेली दिशा दोन अर्थांची होती (प्रश्न ४). नवखेपणाने भर घातली हे मान्य. अनुभवी क्रूने कदाचित वेळेचा हिशेब पुन्हा मांडून एकदा मागे वळून पाहिलं असतं. पण वारा, यंत्र, अंधार आणि जमिनीवरचा गैरसमज यातलं एक जरी त्या रात्री नसतं तरी हे नऊ जण सोलुकला उतरून झोपले असते. एका माणसाचं नाव घेऊन हा प्रश्न मिटवणं अन्यायाचं आहे.

१७. आता ते विमान कुठे आहे? पाहता येतं का?

जागेवर नाही. तिथे येणाऱ्यांनी वर्षानुवर्षं त्याचे तुकडे काढून नेले. उरलेला सांगाडा १९९४ मध्ये लिबियाच्या पुरातत्त्व अधिकाऱ्यांनी टोब्रुकला हलवला. एक इंजिन अमेरिकेत, डेटन इथल्या हवाई दलाच्या संग्रहालयात आहे. व्हीलस तळावरच्या चर्चमध्ये या क्रूच्या स्मरणार्थ बसवलेली रंगीत काचेची खिडकीही आता त्याच संग्रहालयात आहे. एक पंखा मिशिगनमधल्या लेक लिंडनला, म्हणजे लामॉटच्या गावी ठेवला आहे.

१८. भारतातही अशी बॉम्बर हरवली आहेत का?

हो, ईशान्येला. आसाममधून हिमालयाच्या रांगा ओलांडून चीनला रसद नेणाऱ्या मार्गावर कित्येक अमेरिकन विमानं कोसळली. त्यात लिबरेटरही होती. ‘हॉट अ‍ॅज हेल’ नावाचं बी-२४ २५ जानेवारी १९४४ ला कुनमिंगहून आसाममधल्या चाबुआकडे येताना आठ जणांसह बेपत्ता झालं. ते २००६ मध्ये अरुणाचलात, दामरो गावाजवळच्या डोंगरात सापडलं. एप्रिल २०१६ मध्ये तिथले अवशेष दिल्लीहून समारंभपूर्वक अमेरिकेला पाठवले गेले, आणि पुढच्या वर्षी त्यातल्या लेफ्टनंट रॉबर्ट ऑक्सफर्डवर जॉर्जियातल्या त्याच्या गावी अंत्यसंस्कार झाले.

या डोंगरांत ट्रेकला जाणाऱ्यांकडून एक प्रश्न येतो : असं काही दिसलं तर काय करायचं? तुकडा उचलून आणू नका, हाडं किंवा कपड्यांसारखं काही असेल तर हातही लावू नका. जागेचे अक्षांश-रेखांश टिपा, फोटो काढा आणि जिल्हा प्रशासनाला कळवा. शेपटीवरचा किंवा इंजिनाच्या पाटीवरचा क्रमांक फोटोत नीट आला, तर विमान कुठलं आणि त्यात कोण कोण होतं, हे जुन्या नोंदींतून काढता येतं.